वाफसा आला, बॅटरी उतरली

परतीचा पाऊस उघडून तीन-चार दिवस झाले की आणे पठारावर आणि आंबेगावच्या लोणी-धामणीच्या बाजूला सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते. सकाळी रानात जायचे, मातीचा गोळा मुठीत दाबायचा, खाली सोडायचा आणि तो फुटतो कसा ते बघायचे. वाफसा आला की ज्वारीची पेर. पठारावर कालवा नाही आणि विहिरीला भरवसा नाही. मालदांडीला जे काही पाणी मिळणार ते जमिनीच्या पोटातच. ती ओल चार दिवस टिकते, कधी सहा दिवस. ऊन कडक पडले तर तीन दिवसांत वरचा थर सुकतो आणि बी कोरड्यात पडते.

अशा दिवशी सकाळी सहाला पाभर जोडलेल्या ट्रॅक्टरवर बसून चावी फिरवावी आणि आतून फक्त 'टक्' असा आवाज यावा. पुन्हा फिरवावी, पुन्हा 'टक्'. मग तेही नाही.

हा प्रसंग आमच्या वाचकांपैकी किती जणांवर आला आहे हे विचारायची गरज नाही. मागे एका बैठकीत चहाच्या वेळी सहज विषय निघाला, तर अर्धा तास हाच विषय चालला. एकाची पेर दोन दिवस लांबली. दुसऱ्याने आळेफाट्याहून मेकॅनिक आणेपर्यंत संध्याकाळ झाली. तिसऱ्याने शेजाऱ्याच्या जीपची बॅटरी काढून आणली, उलटी लावली आणि दोन्ही गाड्यांची वायरिंग जाळली. भाव, कर्ज, वीज यांवर आम्ही रकानेच्या रकाने लिहिले, पण ज्या यंत्रावर आज शेती उभी आहे ते चालूच झाले नाही तर काय करायचे, यावर कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. म्हणून हा अंक त्या बॅटरीवर, आणि बाजारात आलेल्या 'जंप स्टार्टर' नावाच्या पेटीवर.

जुन्नर-आंबेगावात कापूस नाही म्हटले तरी चालेल, पण हे पत्रक कपाशीच्या जिल्ह्यांतल्या बैठकींतही वाचले जाते. कपाशीवाल्याचा जून आणि ज्वारीवाल्याचा ऑक्टोबर यांत या बाबतीत काहीच फरक नाही. पहिला चांगला पाऊस पडून गेला की सरकी टोबायला जे चार दिवस मिळतात, त्यांचीच ही गोष्ट आहे.

बॅटरीचे दुखणे मुळात कोरडवाहू शेतकऱ्याचे आहे. नारायणगावच्या टोमॅटोवाल्याची पिकअप रोज मंडईला जाते. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर हंगामभर थंड होत नाही. रोज चालणाऱ्या गाडीची बॅटरी रोज भरते. आपला ट्रॅक्टर मार्चात मळणीला चालतो, मे-जूनमध्ये नांगरट आणि पाळीला चालतो आणि मग एकदम पेरणीला. मधले दिवस तो शेडमध्ये, नाहीतर लिंबाखाली उभा. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे आम्ल असलेली ही बॅटरी नुसती उभी राहिली तरी महिन्याला तिच्यातली शेकडा तीन ते पाच भाग वीज आपोआप जाते, आणि उन्हाळ्यात त्याहून बरीच जास्त. त्यात कोणी डेक थेट बॅटरीवर जोडलेला असतो, कोणी एलईडीचे दिवे. तेही थेंबथेंब पीत राहतात. बॅटरी अशी उतरलेली पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा पांढरा थर घट्ट धरतो आणि मग ती पुरती भरतच नाही. पाणी आटून पट्ट्या उघड्या पडल्या तर उरलेलेही गेले. म्हणजे ज्याचा ट्रॅक्टर सर्वांत कमी चालतो त्याचीच बॅटरी सर्वांत लवकर मरते, आणि मरते तीही नेमक्या पेरणीच्या सकाळी. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे त्याचा एक दिवस बुडाला तर तो दुसऱ्या दिवशी पेरतो. आपल्याला दुसरा दिवस असेलच असे नाही.

जुन्या पिढीला ही भानगड नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरींवर जी डिझेल इंजिने बसली ती हँडलवर चालू होत. खटका वर करायचा, दोन माणसांनी हँडल फिरवून चाकाला वेग द्यायचा, खटका सोडायचा, की धडधड सुरू. मनगटात जोर असला म्हणजे बॅटरीवाचून काही अडत नसे. हँडल उलटले तर मनगट मोडे, हेही खरे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे दिवस सरायला लागले. तो स्टार्टर आपल्या ट्रॅक्टरपर्यंत आला. मोटारसायकलचीही आता तीच गत. नव्या कित्येक गाड्यांना किकच नसते. जोर वाचला हे चांगलेच झाले. बैलाला सेल्फ लागत नाही, असे बेल्ह्याच्या बाजारात अजून कोणी चेष्टेने म्हणतो. पण बैलजोडी वर्षभर बसून सांभाळणे ज्याला परवडत नाही त्याने ट्रॅक्टर घेतला, आणि त्याला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र हँडल गेले तेव्हा त्याच्या जागी दुसरा काही आधार आपण ठेवला नाही, ही आपली चूक.

आधार नाही म्हणून मग गावठी उपाय. ट्रॅक्टर उतारावर लावायचा आणि सकाळी ब्रेक सोडून गिअरमध्ये घ्यायचा. जुन्या साध्या पंपाच्या ट्रॅक्टरला हे चालते, पण पाभर जोडलेला ट्रॅक्टर उतारावरून सोडणे हे जिवाशी खेळणे आहे. दुसरा उपाय त्याहून वाईट. खाली उभे राहून स्टार्टरच्या दोन बोल्टांवर पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा. ठिणगी उडते, इंजिन फिरते. चावी, क्लच आणि न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच यांना बाजूला ठेवून वीज थेट स्टार्टरला जाते. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होताक्षणी पुढे येतो, आणि पाना धरलेला माणूस असतो मागच्या मोठ्या चाकाच्या बरोबर पुढ्यात. बाजूला व्हायला सेकंदही मिळत नाही. या एका सवयीने जगभर शेतकरी मेले आहेत. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या स्टार्टरजवळ 'सीटवर बसूनच चालू करा' अशी इशाऱ्याची पट्टी कंपन्या चिकटवतात. आपल्याकडे ही गोष्ट हुशारी म्हणून पोराला शिकवली जाते. या अंकातले बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण खाली उभे राहून पाना टेकवणे आजपासून बंद करा. बॅटरी मेलेली असेल तर पान्याने ती जिवंत होत नाही, आणि बॅटरी ठीक असून चावीने चालू होत नसेल तर बिघाड स्विचमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये आहे. तो दुरुस्त करायचा.

आता पेटीकडे येऊ. जंप स्टार्टर म्हणजे थोडक्यात मोबाइलच्या पॉवर बँकेचा मोठा भाऊ. आत लिथियमचे तीन किंवा चार सेल एकामागे एक जोडलेले, बाहेर दोन जाड वायरी आणि दोन चिमटे, एक लाल आणि एक काळा. घरी मोबाइलसारखी चार्ज करायची आणि ट्रॅक्टर अडला की चिमटे लावून चावी फिरवायची. वजन किलोभराच्या आसपास. पूर्वी अशाच पेट्या शिशाच्या बॅटरीच्या येत. त्या आठ-दहा किलोच्या असत आणि पडून राहिल्या की ट्रॅक्टरच्या बॅटरीसारख्याच मरत. आता आणखी एक प्रकार आला आहे, सुपरकपॅसिटरचा. त्याच्यात सेल नसतो. तुमच्या अर्धमेल्या बॅटरीत जी थोडी वीज उरली आहे ती तो काही मिनिटे ओढून साठवतो आणि एका झटक्यात स्टार्टरला देतो. चार्ज करून ठेवायची आठवण लागत नाही, उन्हाचेही त्याला तेवढे भय नाही. मात्र बॅटरी पार शून्यावर गेली असेल तर त्याला ओढायला काही राहत नाही. मग तो दुसऱ्या गाडीवर किंवा चार्जरवर भरून घ्यावा लागतो. किंमतही जास्त.

घेताना फसवणूक कुठे होते ते नीट समजून घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरांत एक हजार, दोन हजार 'पीक अँपिअर' छापलेले असते. तो आकडा एका क्षणाचा असतो. चिमटे लागताच डोळ्याचे पाते लवते न लवते तेवढ्या वेळात पेटी किती जोर देऊ शकते, तो. ट्रॅक्टर त्या क्षणावर चालू होत नाही. तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरत राहायला दोनशे ते तीनशे अँपिअर लागतात, सुरुवातीच्या झटक्याला त्याहून जास्त, आणि ते सलग तीन-चार सेकंद मिळावे लागतात. म्हणून दुकानदाराला पीक विचारू नका. 'क्रँकिंग' किंवा 'स्टार्टिंग करंट' किती आणि किती सेकंद, हे विचारा. पेटीच्या कागदावर डिझेल इंजिन किती लिटरपर्यंत चालते ते लिहिलेले असते. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकातला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. पेट्रोलचा आकडा मोठा आणि डिझेलचा लहान असतो, आणि विकणारा मोठाच वाचून दाखवतो. मोटारसायकल किंवा लहान कारसाठी केलेली स्वस्त पेटी ट्रॅक्टरला लावली तर ती 'टक्' एवढाच आवाज काढेल, जो तुमची बॅटरीही फुकट काढत होती. लिथियमच्या सेलांना भारतीय मानक आयएस १६०४६ आहे. त्याचा उल्लेख आणि मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक नसलेला बिननावाचा माल घेऊ नका. आणि ट्रकला लावायची असेल तर थांबा. मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, ट्रॅक्टर-पिकअपची पेटी १२ व्होल्टची असते.

लावण्याची रीत अवघड नाही, पण क्रम चुकला की नुकसान होते. गिअर न्यूट्रल, पीटीओ सुटा, हँडब्रेक ओढलेला, दिवे-डेक बंद. आधी बॅटरी डोळ्यांनी पाहा. फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी असेल तर तिला हात लावू नका. पट्ट्या कोरड्या दिसत असतील तर पेटी लावू नका. विडी-काडी लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. आम्ल तोंडावर उडून डोळा जाण्याचे प्रकार याच घाईत होतात. पेटी बंद ठेवून लाल चिमटा अधिकच्या टोकाला लावायचा. काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या स्वच्छ लोखंडाला. पेटीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर तसे करा. मग सीटवर बसून चावी फिरवा, पाच-सहा सेकंदांहून जास्त नाही. नाही झाले तर दोन मिनिटे थांबा. तीन वेळा करून झाले नाही तर बॅटरीपलीकडे काहीतरी आहे असे समजा आणि पेटी बाजूला ठेवा. चालू झाल्यावर आधी काळा काढायचा, मग लाल. चिमटे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत.

चांगल्या पेटीत उलट जोडणीचे रक्षण असते. लाल-काळा उलटा लागला तर ती वीज सोडत नाही, दिवा लावून ओरडते. हे रक्षण आता फार महत्त्वाचे झाले आहे. ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे नवे निकष लागू झाले आणि त्यांच्यात इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक बसला. उलट वीज गेली तर तो जळतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. पण एक मेख आहे. बॅटरी अगदीच शून्यावर असली तर पेटीला बॅटरी जोडलेली आहे हेच कळत नाही आणि ती वीज देत नाही. त्यासाठी पेटीवर 'बूस्ट' नावाचे वेगळे बटन असते. ते दाबले की बऱ्याच पेट्यांतले रक्षणच बंद होते. म्हणून ते बटन दाबण्याआधी चिमटे दोनदा तपासा. अंधारात असाल तर मोबाइलचा उजेड पाडून तपासा.

अंधाराचे म्हणाल तर आपल्या भागात त्याला वेगळा अर्थ आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, आणि बिबटे मात्र केंद्राबाहेर, उसात, शिवारभर आहेत. संध्याकाळी पेर उरकताना फणात काही अडकले म्हणून इंजिन बंद केले आणि ते पुन्हा चालू झाले नाही, तर ट्रॅक्टर रानात सोडून उसाच्या कडेने चालत वस्तीवर यायचे, की कोणाची वाट पाहत बसायचे? पेरणीला मागे बियाणे सोडायला घरची बाई आणि पोरगे असते. त्यांना घेऊन चालायचे का? पेटीची किंमत मांडताना हा हिशेबही धरला पाहिजे. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येतो, रात्र त्याच दिवशी येते.

तरीही आम्ही असे म्हणणार नाही की प्रत्येकाने उद्याच पेटी घ्यावी. शेजारी दुसरा ट्रॅक्टर असेल तर जाड जंपर केबलची जोडी पुरते आणि ती पेटीहून स्वस्त पडते. फक्त ती खरोखर जाड पाहिजे, आत तांबे पाहिजे. बाजारात प्लास्टिक जाड आणि तार बारीक असा माल भरपूर आहे. तो तापतो, वितळतो आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. मोटारीच्या पंपाची उरलेली वायर वापरणे तर मुळीच नको. आणि फवारणीच्या पंपाची बॅटरी ट्रॅक्टरला लावून पाहणारे महाभाग आहेत, त्यांना सांगतो की ती आठ-बारा अँपिअर-तासांची असते, ट्रॅक्टरची पाऊणशे-शंभरची. कालवड औताला जुंपण्याचा तो प्रकार आहे.

पेटीचे खरे काम आहे एकट्या रानात, जिथे दुसरा ट्रॅक्टर नाही. आणि तिथेही ती औषध नाही, टेकू आहे. रोज सकाळी पेटी लावूनच ट्रॅक्टर चालू होत असेल तर दुखणे दुसरीकडे आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठली असेल, ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुऊन, टोके घासून, घट्ट आवळून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा आमचा अनुभव. अर्थची वायर इंजिनाला जिथे बसते तिथला गंज पाहा. अल्टरनेटरचा पट्टा सैल असेल तर बॅटरी भरणारच नाही. शे-दोनशे रुपयांचा व्होल्टमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या वर दाखवले तर ती भरलेली. बारा पूर्णांक दोनला निम्मी. बारा व्होल्टच्या खाली गेली तर पेरणीच्या भरवशाची नाही. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दिसायला हवे. तेवढे दिसत नसेल तर अल्टरनेटर नाहीतर कट-आउट. पाबळला, आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि शाळेतल्या पोरांना हातात पाना-मीटर देऊन शिकवले. त्याच पोरांच्या मदतीने मेकबुल नावाचा छोटा ट्रॅक्टरही तिथे बांधून पाहिला गेला. नववीतला मुलगा बॅटरीचे व्होल्ट मोजू शकतो. घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्या, महिन्यातून एकदा.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर ऋण टोकाची वायर सोडून ठेवा. महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवून आणा, नुसते चालू करून दोन मिनिटांत बंद करू नका, त्याने भरते त्याहून जास्त खर्च होते. पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचे पाणी नको, आम्ल तर नकोच. पेरणीच्या पंधरा दिवस आधी बॅटरी चार्जरवर लावून मोजून घ्या. बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतो, तसेच हे.

पेटीलाही तिची पथ्ये आहेत. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवली तर ती भाजून निघते आणि लिथियम फुगते. फुगलेली पेटी पुन्हा वापरायची नाही, उकिरड्यावरही टाकायची नाही. घरात, सावलीत, दर तीन महिन्यांनी चार्ज करून ठेवायची. वापरल्यानंतर लगेच चार्ज करायची. नाहीतर पेरणीच्या सकाळी दोन मेलेल्या बॅटऱ्या हातात येतील.

किमतीचे बोलू. ट्रॅक्टरची चांगली बॅटरी आज सात-आठ हजारांच्या घरात जाते आणि ट्रॅक्टर ओढू शकेल अशी पेटीही थोड्याफार फरकाने तेवढ्यालाच. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे हमीभाव मिळाला असे धरले (आणि तो मिळतो कुठे हा वेगळा लेख होईल) तरी एक बॅटरी म्हणजे दोन क्विंटल ज्वारी. पठारावर एकरी तीन-चार क्विंटल पिकणाऱ्याने अर्ध्या एकराहून जास्त रान एका बॅटरीसाठी पेरायचे. यात सरकारचा वाटा किती? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर ५ टक्क्यांत आले. त्याची जाहिरात झाली, ट्रॅक्टरवाल्यांनी बोर्ड लावले. त्याच दिवशी शिशाच्या बॅटरीवरचा कर २८ वरून १८ वर आला, आणि तिथेच थांबला. लिथियमची बॅटरी आधीपासून १८ वर आहे, तीही तिथेच. ट्रॅक्टर शेतकऱ्याचे साधन आहे हे मान्य, टायर आहे हे मान्य, पण ज्याच्यावाचून तो टायर फिरत नाही ती बॅटरी मात्र चैन! व्यापारी बॅटरी घेतो तेव्हा भरलेला कर पुढच्या करातून वजा करतो. शेतकरी जीएसटीच्या वहीत नाही, त्यामुळे त्याला वजावट नाही. १८ टक्के त्याच्या खिशातून जातात ते परत येत नाहीत. ट्रॅक्टर आयुष्यात एकदा घेतात, बॅटरी तीन-चार वर्षांनी. सवलत पहिल्याला, कर दुसऱ्याला. आम्ही पेटीवर अनुदान मागत नाही. अनुदानाची पेटी कशी येते ते आम्ही पाहिले आहे: भाव आधी वाढतो, मग अनुदान येते, आणि माल तोच राहतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ट्रॅक्टरएवढाच कर लावा, एवढेच म्हणणे आहे. जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव यावा.

जुनी बॅटरी देताना भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आत शिसे आहे, त्याला बाजार आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. दुकानदाराकडून बदलीची किंमत बिलावर लिहून घ्या. नवीन घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना वाचून घ्या. दुकानात वर्षभर पडलेली 'नवी' बॅटरी म्हणजे लिंबाखाली उभ्या ट्रॅक्टरमधलीच बॅटरी, फक्त वेष्टनातली. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या. पुढे भांडायला कार्ड लागते.

राहिली व्यवस्था. वाडीत सहा-सात ट्रॅक्टर असतील तर सहा-सात पेट्या कशाला? एक पेटी, एक जाड केबलची जोडी आणि एक व्होल्टमीटर वाडीने मिळून घ्यावा. ट्रॅक्टरमागे हजार-बाराशे रुपयांत हे बसते. बचत गटाच्या एखाद्या घरी ठेवावी, कारण तिथे हिशेबाची वही असते आणि पेटी वेळेवर चार्ज होईल. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे, आणल्यावर चार्जिंगला लावूनच घरी जावे. वापरामागे वीस-पंचवीस रुपये जमा केले तर पुढची पेटी त्यातून निघेल. मोटारसायकलवाल्यालाही द्यावी, दवाखान्याची निकड कोणालाही पडते. न सांगता नेणाऱ्याला मात्र दंड असावा. यावर बैठकीत वाद होईल, होऊ द्या.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरची चिठ्ठी वाचून तीन गोष्टी कागदावर लिहून आणाव्यात: किती अँपिअर-तास, कोणत्या महिन्यात बनलेली आणि सकाळी मोजलेले व्होल्ट. मीटर नसेल त्याने बॅटरीच सोडून आणली तरी चालेल. बैठकीच्या जागी दोन मीटर आणि एक चार्जर ठेवलेला असेल. येताना बॅटरी उभी ठेवा, आडवी नको, आणि गोणपाटाऐवजी टायरच्या ट्यूबच्या तुकड्यावर ठेवा.